कायद्याआधीचा गुलाल

विधेयक मुंबईत नुसतं मांडलं गेलं, अन् आमच्या गावात त्याच संध्याकाळी गुलाल उधळला. शिरूर कासारजवळचं आमचं गाव. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि पोरंही शाळा सोडून आईबापामागं जातात. अशा पोरांसाठी हंगामभर गावातच वसतिगृह चालवणं सरकारला बंधनकारक करावं, असं विधेयक आमच्या आमदारांनी आणलं होतं. सरपंचांनी लगेच फ्लेक्स लावला: ‘कायदा झाला!’ बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

मी मोबाइलवर सगळं पाहिलं होतं. निवृत्त शिक्षिका, एकटी, सकाळचंच संध्याकाळी गरम करून खाणारी. मला वेळच वेळ. आमदारांनी विधेयक मांडायची परवानगी मागितली, काही जण ‘होय’ म्हणाले, झालं. चर्चा, कलमवार मतदान, विधानपरिषद, राज्यपालांची सही, सगळंच बाकी. त्यात हे सरकारचं नव्हे, एका सदस्याचं विधेयक. त्याच्या वाट्याला शुक्रवारची दुपार, तीही मिळाली तर.

शेजारची पोरगी पाचवीत. शाळा सुटली की माझ्याकडे येऊन मोठ्यानं वाचायची, वर माझ्याच चुका काढायची. ती आली की घर घरासारखं वाटायचं. त्या संध्याकाळी तिचा बाप कपाळभर गुलाल लावून आला.

“बाई, औंदा पोरीला न्हेत न्हाई. आता कायदाच झालाय. वसतिगृह दिवाळीच्या आत हुईल ना?”

मी गप्प बसले असते तर पोरगी राहिली असती. पण त्याला असं फसवून पोरीला ठेवून घ्यायचं मला जमेना. मी सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजी नुसतं नाव पुकारलंय व्हय?” तो म्हणाला.

त्याची बायको दारातूनच बोलली, “मंग धाकट्याला कोण बघंल? आंगावर पितंय, त्याला मागं ठिवता येत न्हाई. आमी दोघं दिवसभर उसात.”

“कायदा असो नसो, पोरीला माझ्याकडे ठेवा,” मी म्हणाले.

“कायदा असता तर मुकादमाला, आमच्या म्हातारीला, समद्यांला सांगता आलं असतं, पोरीला मागं ठिवावंच लागतं म्हणून, बाई,” तो म्हणाला आणि गेला.

दिवाळीनंतर त्यांचा ट्रक निघाला, तेव्हा मी दारापर्यंतही गेले नाही. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. पुढं गल्लीत दिवसभर माणसाचा आवाज नाही. मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागले, आणि माझी मलाच लाज वाटली.

नागपूरच्या अधिवेशनात विधेयक एकदाचं चर्चेला आलं. मंत्री म्हणाले, भावना चांगली आहे, सरकार स्वतःच सर्वंकष कायदा आणेल, सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. आमदारांनी आभार मानून मागे घेतलं. तिथली रीतच आहे म्हणे ती. गावात कुणी फ्लेक्स लावला नाही. लावायला होतं कोण?

दोन दिवसांनी बापाच्या फोनवरून पोरगी बोलली.

“बाई, झाला का वो कायदा?”

“मागं घेतलं गं ते.”

“आसू द्या. पुढल्या साली धाकटा चालाया लागंल. मंग त्याला बघाया मी कशाला लागती? मी तुमच्याकडंच ऱ्हाते.”

“नक्की राहा,” मी म्हणाले.

मग ती हळूच म्हणाली,

“पर बाई, आईला पुन्ना दिवस गेल्यात.”