अव्वाशेजारची जागा

माझे आईवडील मेल्यावर वेगळे झाले.

जिवंतपणी एकदाही झाले नाहीत. भांडण झालं की अव्वा चुलीकडे तोंड करून बसायची आणि अप्पा अंगणात जाऊन बसायचे. त्यापलीकडे दोघांपैकी कुणी गेलं नाही.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं.

आम्ही उदगीरचे लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तेही झोपवून नाही. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात.

अव्वाला अप्पांनी असंच बसवलं होतं. गावालगतच्या आमच्या रानात, लिंबाखाली. वर छोटासा ओटा बांधला. त्याच्या शेजारी एका माणसापुरती जागा सोडून ते पेरायचे.

एकदा सालगड्यानं तिथं तूर टाकली, ती अप्पांनी उपटून काढली. "ती माझी हाय," एवढंच म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा मी त्यांना बळंच माझ्याकडे इंग्लंडला आणलं. बर्मिंगहॅमला लागून असलेलं सॉलिहल. झाडं इतकी, की अप्पा गाडीतून बघत म्हणाले, "ह्याच्यात गाव कुठाय?"

पहिल्या दिवशी सकाळी शेजारी पाइप घेऊन गवताला पाणी देत होता. अप्पांनी उठून पडदा ओढून घेतला.

मग त्यांना चर्च सापडलं. म्हणजे चर्चच्या मागची कबरस्तानाची जागा. गर्द झाडी, बेंच, गावाच्या ऐन मधोमध.

"अक्का, हे आपल्यातले हायत का गं?"

घरात मला सगळे अक्काच म्हणतात. वडीलसुद्धा.

"कोण अप्पा?"

"हे गोरे. पुरतेत म्हणून इचारलं."

"हाव, पुरतात."

"बसवून ना?"

"नाही. झोपवून."

मग म्हणाले, "झोपवून काय? मेल्यावर कसला आला आराम?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, इतकी चांगली माणसं आणि एवढ्यात चुकली म्हणून.

तरी रोज तिथंच जायचे. मला दगडांवरची नावं वाचायला लावायचे. एका दगडावर आधी बायकोचं नाव होतं, खाली कितीतरी वर्षांनी नवऱ्याचं.

"एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी धरली की हिनं," म्हणाले. त्या दिवशी फार खुशीत होते.

त्याच बेंचवर बसलेलो असताना बसूचा फोन आला. बसू म्हणजे माझा धाकटा भाऊ. रान त्याच्या नावावर होतं, अप्पांनीच करून दिलेलं.

"अक्का, रान देऊन टाकलं."

"कुणाला?"

"प्लॉटिंगवाल्याला. उदगीर जिल्हा होणार म्हणून रेट आलाय. हिरीत थेंब न्हाई, बोअर मारून मारून बेजार झालो. काय करू मी?"

"आणि अव्वा?"

"अव्वाला हात लावत न्हाईत. तसं बोलून घेतलंय मी."

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. सांगावंच लागलं. त्यांनी एकच विचारलं, "तिच्या बाजूचं?"

मी पुन्हा फोन लावला. बसूनं ते विचारलंच नव्हतं.

खरं सांगते, भावाचा राग आजही गेलेला नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही मला माहीत नाही. मी तर रोज दोनदा अंघोळ करून त्याला शहाणपण शिकवत होते.

अप्पांनी ट्रिप अर्धी टाकली. मी म्हणाले, पाऊस पडेपर्यंत तरी राहा, तिकडं प्यायला पाणी नाही.

"मी इथं मेलो तर तुमी झोपवून मोकळे व्हाल," म्हणाले आणि बॅग भरायला बसले.

गावी पोचले ते तडक त्या प्लॉटिंगवाल्याच्या दुकानात. तोही आमच्यातलाच. रीत त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. अप्पांना गादीवर बसवलं, विकतच्या पाण्याचा चहा पाजला आणि हात जोडून म्हणाला,

"अप्पा, अव्वा हायत तशा राहू द्या. पण अजून एक समाधी झाली तर तिथं घर कोण बांधील? धंदा हाय माझा, माफ करा."

अप्पा भांडले नाहीत. तेव्हापासून जेवण कमी झालं, असं बसू सांगतो. मृगाच्या आधी ऐन उन्हात एका दुपारी ते लिंगैक्य झाले. डॉक्टर हार्ट म्हणाले. म्हणू देत.

मला पोचणं शक्य नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पाहिलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला समाजाची जागा आहे, तिथं नेलं. जमीन इतकी तापून कडक झालेली की कुदळी उडायला लागल्या, शेवटी जेसीबी आणला. अप्पांना नीट मांडी घालून बसवलं. तेवढं त्यांच्या मनासारखं झालं.

बसू रडत होता. "अक्का, तोंड कुणीकडं करू म्हणतेत?"

रीतीप्रमाणे जंगमस्वामी सांगतील तसं, हे त्यालाही माहीत होतं. तरी मी म्हणाले, "अव्वाकडं."

त्यानं फोन खाली ठेवला. मग नुसतं आभाळ दिसत राहिलं.

या महिन्यात गावी जाऊन आले. रानाला तारेचं कुंपण झालंय, लिंब तोडलाय. गेटवरच्या माणसानं विचारलं, "कोणता प्लॉट बघायचा?" मी म्हणाले, आईला भेटायचंय. त्यानं कुलूप काढलं.

जिल्हा झालेला नाही. एकही प्लॉट विकला गेलेला नाही.

अव्वाच्या शेजारी कुणीच नाही. ती जागा तशीच रिकामी पडली आहे.

अप्पा, तुमच्या लेकीचं शरणु शरणार्थी.