विहिरीतली दहा मिनिटं

मुलांनो, धाकटीची जहाजावर नेमणूक झाल्याचं कळलं. मागोमाग तिच्या आईचा फोन आला, "तुम्ही तरी तिला थांबवा." म्हणून आजच लिहायला बसले. माझा थोरला भाऊ, तुमचे मामाआजोबा, दिग्रसहून बोटीवर गेला एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. तो कसा गेला हे मी कधी पूर्ण सांगितलं नाही, कारण त्यात माझी एक चूक आहे.

साठ सालानंतरचा एक उन्हाळा. वडील नव्हते. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर मदतनीस होता. आपल्या घराहून मोठं जहाजाचं इंजिन त्यानं एका मासिकात पाहिलं आणि त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता. मुंबईला अर्ज केला. परीक्षेचं बोलावणं इंग्रजीत आलं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. दारातच उभी राहून मी घाईनं सांगितलं: तारीख ही, शंभर यार्ड पोहायचं, दहा मिनिटं पाण्यावर राहायचं. नापास झाल्यास पुन्हा संधी नाही.

पोहणं शिकवायला जिनिंगचे मिस्त्रीचाचा होते. त्यांच्या बागेत विहीर होती. आईनं अट घातली, "पोरीच्या हाती दोर असंन तरच पाण्यात उतरजो." दादानं तिच्यासमोर हो म्हटलं. तो कमरेला दोर बांधून गोल फेऱ्या मारी, मी काठावर बसून मोजत असे. दर फेरीला त्याचा हात भिंतीला लागे.

चाचा म्हणत, "अबे, पोहून राह्यला का भितीले चुना लावून राह्यला?"

आम्ही हसत असू.

सहा दिवस उरले तेव्हा पत्ता उतरवून घ्यायला मी ते पत्र पुन्हा काढलं. दहा मिनिटांच्या पुढे चार शब्द होते: कशाचाही आधार न घेता. मी ते वाचलेच नव्हते. दादा जेवत होता. त्याला सांगितलं. तो रागावला नाही, फक्त ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीच्या मधोमध थांबला. चाचांचं घड्याळ माझ्या डाव्या हातात, दोर उजव्या हातात. ठरलं होतं, त्यानं हात वर केला तरच ओढायचं. चार मिनिटं बरी गेली. पाचव्याला त्याची हनुवटी पाण्यात जाऊ लागली. सातव्याला तोंड दिसेना. हात वर आला नाही.

"ओढू नोको, बेटी," चाचा म्हणाले.

मी ओढलं. दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून. घड्याळ दगडावर पडलं. दादा भिंतीवर आदळला, खांदा सोलवटला.

"काहून ओढलं?" तो खालून ओरडला. "पाठीवर वळून राह्यलो होतो मी! दम घ्याले!"

"मले काय माहीत? तू बुडत होता!"

"बुडत नव्हतो. तू भेली."

तो पायऱ्या चढून वर आला आणि दोराची गाठ सोडू लागला.

"आईले हो म्हनलं होतं तू," मी म्हणाले.

"समुद्रात कोन दोर धरते?" त्यानं दोर माझ्या पायाशी टाकला. "तू वेळ सांग फक्त. मधात बोलू नोको."

चाचांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. काच तडकली होती, पण ते चालू होतं. त्यांनी ते मला परत दिलं आणि स्वतः लुंगी खोचून खालच्या पायरीवर जाऊन बसले. दादा दोराशिवाय पुन्हा पाण्यात उतरला. त्या दहा मिनिटांत मी काय केलं विचाराल, तर काट्याकडे पाहत राहिले. पाण्याकडे पाहिलं असतं तर ओरडले असते. सातव्या मिनिटाला त्याच्या हातपाय मारण्याचा आवाज थांबला. माझा हात दोराकडे गेला, पण दोराच्या टोकाला कोणी नव्हतं. मग संथ पाणी हलल्याचा आवाज आला. तेव्हा एकदाच खाली पाहिलं: तो पाठीवर पडून आभाळाकडे पाहत होता.

"झाले!" मी ओरडले. माझा आवाज विहिरीत घुमला.

"अजून एक मिनिट," तो खालून म्हणाला. "घड्याळ पुढं पळत असंन तर?"

आईला आम्ही दोराचं कधी सांगितलं नाही. दादा पास झाला. पुढे बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनांवर काढून तो सुखरूप घरी आला.

धाकटीच्या आईला मी फोनवरच सांगितलं, मी थांबवणार नाही. धाकटे, तुझी कागदपत्रं मात्र दोनदा वाच.

विहीर अजून आहे, तिच्यावर आता लोखंडी जाळी आहे. पत्र माझ्या पेटीत आहे, आणि त्या चार शब्दांखाली मी त्या दिवशी ओढलेली पेन्सिलची रेघ अजून दिसते.