मर्यादेच्या वरचा आकडा

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मोठ्या माणसांसमोर बोलायला मला अजूनही जड जातं. मॅडमच्या खोलीत तर मी मानेनेच हो-नाही करायचे.

मॅडम यकृताच्या डॉक्टर. नवऱ्याला, भावाला स्वतःच्या यकृताचा तुकडा देणाऱ्या माणसांवर त्यांचं संशोधन आहे. उरलेलं यकृत पुन्हा कसं वाढतं, ते त्या मोजतात. माझं काम सोपं होतं. आलेल्यांचा फॉर्म भरायचा, पोट रिकामं आहे ना हे विचारायचं आणि त्यांना तपासणीला आत न्यायचं. आत बरगड्यांवर यंत्र टेकवून यकृत किती कडक आहे ते बघतात. मऊ असेल तरच देणाऱ्याला पुढे नागपूरला शस्त्रक्रियेसाठी पाठवतात.

खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समधून एक काकू आल्या. काकांचं यकृत निकामी झालं होतं आणि घरात जुळण्यासारख्या त्या एकट्याच होत्या. काही खाल्लं का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. मी फॉर्मवर 'पोट रिकामं' पुढे खूण केली.

आकडा मर्यादेच्या थोडा वर आला. मॅडमनी पुन्हा मोजला, तरी तोच. तुमचं यकृत घेता येईल असं दिसत नाही, हे त्यांनी काकूंना हळू आवाजात समजावलं. काकू रडल्या नाहीत. बाहेर येऊन त्यांनी पिशवीतला स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला. तपासणी नीट व्हावी म्हणून पहाटे उठून सत्यनारायण केला होता. प्रसाद आमच्यासाठी आणला होता.

डबा अजून गरम होता.

"काकू, तुम्ही घेतला प्रसाद?"

"घेतला न. वाटीभर शिरा, वरून केळं."

"मग खाल्लं नाही म्हणालात?"

"प्रसाद खाण्यात येते का, बेटा?"

आमच्या आईनेही हेच उत्तर दिलं असतं. जेवणानंतर यकृत काही तास कडक लागतं, हे मॅडमनीच शिकवलं होतं. मी दारात उभी राहिले. आकडा फॉर्मवर चढला होता, आणि खूण माझी होती. शेवटी आत गेले आणि चूक माझी आहे, मी नीट विचारलं नाही, असं सांगून टाकलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. किती वाजता खाल्लं, एवढंच विचारलं आणि काकूंना हाक मारली. "उद्या सकाळी उपाशी या. आणि चलो, देवाला सांगा, डॉक्टरने मनाई केली आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फॉर्मवरचा प्रश्न बदल. तूच लिही." मी लिहिलं: सकाळपासून तोंडात काय काय गेलं? चहा, दूध, प्रसाद, सगळं सांगा. आता प्रत्येक फॉर्मवर तेच छापलेलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी दोघंही तपासणीला आले. काकूंचं यकृत जवळजवळ पूर्ण भरून आलं होतं, पडद्यावर मला ते दिसलं. मग मी काकांचा फॉर्म घेतला आणि पेशंटसोबत कोण आलं आहे, असं विचारलं.

काका खुर्चीत ताठ बसले. "सोबत कोणी नाही. लिही, मी हिला स्कूटरवर बसवून आणलं."