लिंबाजी कोतवालाचं सरकारी भांडण

लिंबाजी कोतवाल आणि त्याची बायको सरजाबाई यांचं ते भांडण केवळाबाईनं रस्त्यातून ऐकलं. कान लावावा लागला नाही. सरजाबाईचा आवाज निलंग्याच्या स्टँडावरही गेला असेल.

"दिवाळीपासून पंचशीला पावडरीचं पानी पिऊन राहिली," सरजाबाई नवऱ्याला सुनावत होती, "आन आता दुसऱ्यांदा पोटुशी हाय. पहिलं अजून मांडीवरून उतरंना."

"मग सुनंला काय कोरडी ठिवू?" लिंबाजी म्हणाला.

केवळाबाई डोक्यावरच्या घागरीसकट जागीच थांबली.

त्याचं असं झालं होतं. लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. गाव म्हणायचं, आपल्याला जिल्हा दिला, पाऊस मात्र उस्मानाबादनं ठेवून घेतला. पिण्याजोगं पाणी उरलं एका सरकारी विहिरीला. त्यातच उलटी-हगवणीची साथ आली, तेव्हा विहिरीत पावडर टाकायचं आणि तसं गावाला सांगायचं काम लिंबाजीकडं आलं. त्याच्या बापानं बौद्ध धम्म घेतला त्याच दिवशी डफडं खाली ठेवलं होतं, म्हणून लिंबाजी दवंडीला तेलाचा रिकामा डबा बडवायचा. डबा वाजला की गाव दारं लावून घ्यायचं. दवंडी म्हणजे एक तर शेतसारा, नाहीतर नसबंदीची गाडी, एवढं गाव शिकलं होतं. केवळाबाई तर त्याच्याही पुढं गेली होती. गाडीत कुणी बसंना, म्हणून सरकारनं नसबंदीच विहिरीत कालवली, असं तिचं पक्कं मत.

तिची सून उमादेवी लग्नाला तीन वर्षं झाली तरी मोकळीच होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळं केवळाबाई तिला विहिरीचा थेंब देत नव्हती. नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पाजायची, जिथं म्हशीही यायच्या. कालपासून उमादेवी उलट्यांनी गळून पडली होती, आणि डोक्यावरची घागरही झिऱ्याचीच होती.

केवळाबाईनं ती घागर बाभळीच्या बुडात रिकामी केली आणि विहीर गाठली. मग आपणच लिंबाजीला जीप आणायला पिटाळलं. निलंग्याच्या दवाखान्यातून उमादेवी पायानं चालत घरी आली. पंचशीलाची बातमी केवळाबाईनं कुणाला सांगू नका म्हणून सांगितली, तेव्हा दुसऱ्या दिवशी अख्खं गाव विहिरीवर.

पुढं एकदा तिनं सरजाबाईला विचारलं, त्या दिवशी एवढं का ग भांडलात?

"भांडतंय कोण?" सरजाबाई म्हणाली. "डबा वाजला की लोक दारं लावत्यात, भांडण लागलं की उघडत्यात. तू पान्याहून यायच्या येळंलाच उभं होताव आमी. पर पंचशीलाचं खरं बरं का. सरकारी कामात खोटं न्हाई बोलत मी."

तेव्हापासून डबा खुंटीला लागला. तहसीलचा हुकूम आला की नवराबायको पाराजवळ भांडायचे, आणि गाव ओट्यावर बसून ऐकायचं.

दहा-बारा वर्षांनी पोलिओच्या डोसाच्या वेळी लिंबाजीला दम लागत होता. ते त्याचं शेवटचं काम ठरलं. त्यानं विचारलं, दोन थेंबानं काय होतंय? सरजाबाईनं काय काय होतंय ते सारं गावाला ऐकू जाईल असं सांगितलं. उमादेवी धाकट्याला काखेत घेऊन शाळेकडं निघाली. केवळाबाईनं दोघांना तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन लिंबाजी उठला आणि बायकोच्या मागं चालू लागला. सरजाबाई त्याला गल्लीच्या टोकापर्यंत बोलत गेली, कारण टोकाच्या दोन घरांनी अजून ऐकलं नव्हतं.