मास्तर कोणाच्या घरी जेवले

हरिदास रामटेके मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला तालमीतून घालवून दिले. मी सिंदेवाहीजवळच्या खेड्यातला कुणब्याचा मुलगा, आवाज मोठा, म्हणून गावाने मला खलनायक ठरवलेले. तालमीला आलेल्या मास्तरांनी दोन वाक्ये ऐकली आणि म्हणाले, "तू ओरडून राह्यला, बोलून नाई राह्यला. उद्या ये." उद्या गेलो, तो आजतागायत जातोच आहे. मास्तरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी समितीने मला लिहायला सांगितले, तेव्हा हो म्हणून बसलो. आता कळते की मास्तरांविषयी मला ठाम असे फार थोडे माहीत आहे.

जे ठाम माहीत आहे ते आधी सांगतो. मास्तरांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवली आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरू लागली की आमचे नाटक उभे केले. नाटके ते स्वतः लिहीत, बसवीत आणि विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंगही करीत. नट वाक्य विसरला तर ते रागावत नसत; पण उशिरा आला तर त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत. माझ्याशी त्यांचे असे अनेक दोन दिवस गेले आहेत.

माणूस म्हणून त्यांचे ऋण कसे सांगावे? माझे वडील चंद्रपूरला दवाखान्यात होते. मास्तरांच्या पत्नी शांताबाई रोज आमच्यासाठी डबा पाठवीत आणि तो घेऊन मास्तर स्वतः येत. एरवी दुसऱ्या समाजाच्या घरचे न खाणाऱ्या माझ्या आईने तो डबा खाल्ला. तिला भूक होती की तिचे मन बदलले होते, हे मी तिला कधी विचारले नाही.

आता ती गोष्ट, जिचा उलगडा मला वीस वर्षांत झालेला नाही. आमच्याकडे नाटकाची मंडळी मंडईला गेली की गावकरी कलावंत वाटून घेतात. दोघे या घरी, दोघे त्या घरी, दुपारचे जेवण तिथेच. मास्तर मात्र घरून डबा आणत आणि स्टेजच्या मागे बसून खात. पोटाचे पथ्य आहे म्हणत. आम्ही ते खरे मानले, कारण खरे मानणे सोयीचे होते. वैनगंगेपलीकडच्या एका गावी मास्तर डबा विसरले. वाटणीत ते माझ्यासोबत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी आले. बाईंनी हात धुवायला पाणी दिले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "हे भाऊ कोन समाजाचे?"

मी म्हणालो, "आमच्यातलेच, आजी."

वाटले, केवढे मोठे काम केले. मास्तरांनी ते ऐकले होते हे मला ठाऊक नव्हते. ते मुकाट्याने जेवले. आजींनी आग्रह करकरून भात वाढला, वर तूप. निघताना मास्तरांनी हात जोडले.

"आजी, जेवन चांगलं होतं. मी रामटेके, बौद्ध आहो. हा पोरगा तुमच्यासंग खोटं बोलला, म्हनून सांगून राह्यलो."

आजींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आधी काऊन नाई सांगतलं?"

"आधी सांगतलं असतं तं वाढलं असतं का?"

"ते आता मले कसं समजन?" आजी म्हणाल्या आणि मास्तरांचे ताट उचलून मोरीवर गेल्या. त्यांनी ते राखेने घासले, पुन्हा घासले. आमच्याकडे सगळीच भांडी राखेने घासतात. मी तिथे उभा राहून पाहत होतो आणि मला काही केल्या अर्थ लागत नव्हता.

वाटेत मी चिडलो. एवढे जमवून आणले आणि मास्तरांनी माझे नाक कापले. ते म्हणाले, "गजानन, जेवला तो तुह्या समाजाचा मानूस. मी तं उपाशीच राह्यलो." त्यानंतर त्यांनी नियमच केला: सगळी मंडळी शाळेच्या ओसरीत एकत्र जेवतील, नाहीतर नाटक होणार नाही. काही गावांनी बोलावणे बंद केले, आमच्यातले दोघे-तिघे सोडून गेले. मास्तरांनी कोणालाही दोष दिला नाही. मी राहिलो, पण पटून राहिलो की लाजेने, हे आजही सांगता येत नाही.

हा प्रसंग लिहू का, हे विचारायला मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "लिह. पन पूर्न लिह. तिथं आमच्यातलेच म्हनलं तू. तुह्या घरी जेवाले कवा बोलावलं?"

आई होती तोवर तिचे निमित्त होते. आई जाऊन चार वर्षे झाली. या चार वर्षांत कोण आडवे आले होते, याचे उत्तर मी घरी येऊन शोधले. बायकोला विचारले, तर ती म्हणाली, "मी नाई म्हनलं का कधी? तुमीच नाई बोलावलं." मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आमंत्रण द्यायला गेलो.

मास्तर म्हणाले, "चोरून येनार नाई. भावकीले सांग पयले."

भावकी काय म्हणेल, किती जण बोलणे टाकतील, मला खरोखर माहीत नाही. एकेकाच्या दारी जाऊन सांगण्याचे धैर्यही माझ्यात नाही. म्हणून या ग्रंथातून सांगतो. मास्तरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि त्यांचे रागावणे आम्हाला पुढेही पुरो. हा ग्रंथ प्रकाशित होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हरिदास रामटेके मास्तर, बौद्ध, आमच्या घरी जेवायला येणार आहेत.