सोम्याच्या बाटलीतलं तेल

माझं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, खेचरांच्या प्लाटूनमध्ये झालं. तिथे तलासरी तालुक्याचे आम्ही दोघेच. मी उधव्याचा, सोमा धोडी वेवजीचा. थंडी अशी, की पहाटे मिशीला हात लावला तर तुकडा हातात यायचा. सुभेदारसाहेबांची मिशी त्या एका हिवाळ्यात तीनदा मोडली. माझं खेचर, नंबर चौदा, इतकं हट्टी होतं की साहेब लोकसुद्धा त्याला वाट द्यायचे.

काम सरळ होतं. वरच्या चौकीला दारूगोळा पोचवायचा. खेचराच्या दोन्ही अंगांना चामड्याची ॲम्युनिशन कॅरिअर लटकायची. बर्फ, घाम, चिखल सगळं त्या चामड्यावर. साडेपाचला परतलो की आधी खेचराला दाणा. मग वरून परत आणलेली रिकामी काडतुसं कॅरिअरमधून काढायची, कारण पितळ चामड्यात पडून राहिलं की हिरवं होतं. ओल्या फडक्याने पुसायची, शेकोटीपासून लांब, सावलीत वाळवायची, तेल द्यायचं. आपला चहा त्यानंतर.

शनिवारी इन्स्पेक्शन. ज्याचं चामडं उत्तम, तो पुढच्या खेपेला कॉलमच्या सगळ्यात पुढे. दर शनिवारी तेच.

"किसका है ये?"

"सोमा धोडी, साब."

"शाबाश. आगे चलेगा."

सहा महिने मी सोम्याच्या खेचराची शेपटी बघत चाललो. पोटात असं जळायचं की बराकीतल्या शेगडीला, बुखारीला, रॉकेल लागलं नसतं. सरकारी तेल सगळ्यांना सारखंच. पण सोम्याकडे घरचं मोहाच्या बियांचं तेल होतं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. थंडीत ते तुपासारखं थिजतं, म्हणून बाटली तो बनियनच्या आत ठेवायचा.

"एवढं काय लपवतोस? बायकोचा फोटो आहे का आत?"

"तेल आहे, दादा. माग ना, देतो."

"उधव्याचा माणूस वेवजीवाल्याकडे मागणार?"

"मग जळ तसाच," तो हसून म्हणाला.

शुक्रवारी आंघोळीची पाळी. सोम्याने बाटली खाटेवर ठेवली आणि बादली घेऊन गेला. मी अख्खी बाटली बुखारीवर गरम केली आणि माझ्या कॅरिअरच्या पट्ट्यांवर ओतली. तो बोटाच्या टोकावर थेंब घेऊन चोळायचा, हे मी रोज बघत होतो. मला वाटायचं, चिक्कू आहे. रिकामी बाटली जागेवर ठेवली. सोम्या आला, बाटली उचलली, उजेडात धरली, खिशात टाकली. मग घरी फोन लावायला गेला.

शनिवारी माझं चामडं असं चमकलं की साहेबांनी त्यात बघून मिशी नीट केली. जेवढी उरली होती तेवढी.

"शाबाश. आगे चलेगा."

इथपर्यंत थोडं तिखटमीठ लावलं आहे. पुढे लावत नाही.

सोमवारी सकाळी सातला निघालो. सहा खेचरं. मी पुढे, सोम्या माझ्या मागे. नऊ वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरची चाल बदलली. बघतो तर डावं कॅरिअर पोटाखाली आलेलं. तेल पिऊन पट्टे लिबलिबीत झाले होते, वजनाने वीतभर ताणले होते. मी थांबलो. कॉलम थांबला. वायरलेस सेटवर साहेबांचा आवाज आला.

"कॉलम क्यों रुका? ओव्हर."

"पट्टा ढीला है, साब. पाँच मिनट. ओव्हर."

"आगे नाला है. रुकना मत. एक-एक करके पार करो. ओव्हर."

सोम्या जवळ आला. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याचा वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

"जास्त झालं रे, दादा."

"सोम्या, ऐक..."

"नीट आवळून घे. घाई करू नको. मी होतो पुढे."

नऊ अठराला तो नाल्यात होता. मी पट्ट्याला नवीन भोक पाडत होतो तेव्हा वरून बर्फ सुटलं.

"कॉलम, रिपोर्ट. ओव्हर."

 मागच्या जवानाने सेट घेऊन रिपोर्ट दिला.

सोम्या तिसऱ्या दिवशी मिळाला. त्याच्या कॅरिअरचा एकही टाका उसवलेला नव्हता. आतल्या गोळ्या कोरड्या होत्या.

सुट्टीवर आलो तेव्हा वेवजीला गेलो. त्याच्या आईने माझ्या हातात बाटली ठेवली.

"जायच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी फोन होता त्याचा. बोलला, दोन बाटल्या पाठव, एक उधव्याच्या दादाला. त्याला मागायला लाज वाटते."

खरं न सांगताच मी बाटली घेऊन निघालो. दर वर्षी जातो, दर वर्षी बाटली मिळते.

आता मी तलासरीला हायवेजवळच्या गोदामावर बंदूकवाला गार्ड आहे. अंगावर काडतुसांचा चामड्याचा पट्टा असतो. पावसाळ्यातही त्याला बुरशी येत नाही. लोक विचारतात, मी सांगतो मगरीचं कातडं आहे, मीच मारली. वेवजीच्या शाळेसमोर सोम्याच्या नावाचा दगड आहे. झेंडावंदनाला मला पाहुणा म्हणून बोलावतात, दगडाच्या मागच्या खुर्चीवर बसवतात. अजून त्याच्या मागेच. अजून जळतं. शुक्रवारीच त्याला कळलं होतं, अंगठ्याच्या वासाने खात्री झाली, आणि तो तेवढ्या चार शब्दांवर थांबला. मी असतो तर साऱ्या डोंगराला ऐकवलं असतं.

यंदा मी सोम्याच्या आईला, काकींना, सगळं सांगितलं. बाटली, बुखारी, पट्टा, नऊ दहा, नऊ अठरा. त्या ऐकत राहिल्या. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत.

आल्या. हातात बाटली होती.

"थेंबच लाव, पोरा," म्हणाल्या. "सोम्या तसाच लावायचा."