निळ्या काठाचा ॲप्रन

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने श्रद्धेच्या गोष्टी सांगू नयेत, असं आमचे चिरंजीव म्हणतात. म्हणू देत. मला जे लाभलं ते लाभलं, आणि या वयात ते मनातच ठेवून जाण्यात काही शहाणपण नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या वस्तीत पत्र्याच्या छपराचा, एका खोलीचा विहार होता. आज मी इंदिरानगरात राहते, घराजवळ मोठा, फरशी बसवलेला विहार आहे, पण उदबत्तीचा वास आला की मला ती पत्र्याखालची उकाड्याची खोलीच आठवते. आणि हेही सांगून टाकते, की त्या वर्षी माझी श्रद्धा पार आटली होती. वंदनेला बसले तरी मी बुद्धमूर्तीकडे न बघता छपराच्या भोकाकडे बघत बसायचे.

वस्तीतून सायन्स कॉलेजला जाणारी मी पहिलीच मुलगी. दादा, म्हणजे माझे वडील, ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होते आणि आई घरी विड्या वळायची. माझी फी माफ झाली तेव्हा दादांनी भेटेल त्याला सांगितलं, "पोरीचं कॉलेज फुकट हाय." या फुकटच्या कॉलेजने पहिल्याच आठवड्यात हात पसरायला सुरुवात केली. एका बाजूला कोरी पानं असलेली जर्नलं हवीत, डिसेक्शन बॉक्स हवा, फुटणाऱ्या काचेसाठी अनामत हवी. जर्नलांचं दादांनी कसंबसं जमवलं, बॉक्स मी एका मैत्रिणीबरोबर अर्धा वापरला, अनामतीला मुदत मागून घेतली. अडलं ते पांढऱ्या ॲप्रनपाशी. सरांनी स्वच्छ सांगितलं होतं की ॲप्रन नसेल तर प्रयोगशाळेत यायचं नाही. प्रॅक्टिकलं बुडाली की टर्म मंजूर होत नाही, टर्म गेली की फीमाफीही जाते. सुरुवातीची प्रॅक्टिकलं मी व्हरांड्यात उभी राहून काढली. आतून ॲसिडचा वास यायचा आणि मुलींचं हसणं ऐकू यायचं.

एक दिवस घरी आले तर खुंटीवर ॲप्रन टांगलेला. हातशिलाईचा, कापड दुहेरी करून शिवलेला, कॉलर जरा तिरकी. खालच्या घेराला बारीक निळा काठ होता. तो मी लगेच ओळखला, कारण तसा काठ आमच्या घरात एकाच कापडाला होता. आईचं पौर्णिमेचं पांढरं पातळ.

आमच्या विहारात पौर्णिमेला बायका पांढऱ्या पातळातच यायच्या. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या उपासनेचे महिने असले तर मग बघायलाच नको. वंदना सांगायच्या गयाआत्या, विधवा, करारी, आवाज खणखणीत. पातळावर हळदीचा डाग दिसला तरी त्या बाईला घरी पाठवायच्या. आम्ही पोरी त्यांना वचकून असायचो.

"आई, आता तू काय नेसणार?" मी विचारलं.

"भगवंताला कापडाशी काय करायचं हाय?" विडी वळता वळता आई म्हणाली. "तू अभ्यासाचं बघ."

कॉलेजात मुली 'काठपदराचा ॲप्रन' म्हणून चिडवायच्या. मीही हसून घ्यायचे, काम अडत नव्हतं ना! पण श्रावणातली पौर्णिमा आली आणि भगवंताला कापडाशी काय करायचं म्हणणारी माझी आई विहाराच्या आत आलीच नाही. विटक्या हिरव्या पातळात ती दाराबाहेर, चपलांच्या शेजारी बसली. तिने आत बसायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. वंदना सुरू झाली तशी बाहेरून तिचाही आवाज आला, सगळ्यांच्या मागून, हळू. माझं डोकं फिरलं. मी मूर्तीला मनातल्या मनात म्हणाले, तुला शरण येऊन हिला मिळालं काय, चपलांपाशी जागा?

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "मी कॉलेज सोडते. विड्या वळते. तुला पातळ घेऊ."

"सोड की," आई म्हणाली. "अन् कापलेल्या पातळाची काय फडकी करू?"

एवढं बोलून ती पुन्हा विड्या वळायला बसली, पण माझा निश्चय झाला होता. भादव्याची पौर्णिमा झाली की नाव काढून घ्यायचं.

मधे एकदा मी ॲप्रन धुऊन दोरीवर वाळत घालत होते. गयाआत्या जाता जाता थांबल्या. तो काठ त्यांनी बोटांत धरून बघितला.

"हे न्हाय घातलं तर कॉलेजात काय करत्यात?"

"बाहेर उभं करतात, आत्या."

"बाहेर," त्या म्हणाल्या. काठ सोडला आणि चालू लागल्या.

भादव्याच्या पौर्णिमेला आई पुन्हा तेच हिरवं पातळ नेसून निघाली. विहाराच्या दाराशी चपला काढून तिथेच टेकणार, तेवढ्यात तिचं आत लक्ष गेलं. तिच्या मागून मीही डोकावले. आत एकही पांढरं पातळ नव्हतं. मूर्तीपुढे गयाआत्या मोहरीच्या रंगाच्या, खांद्यावर ठिगळ लावलेल्या पातळात बसल्या होत्या. मागे लाल, तपकिरी, तंबाखूचे डाग पडलेली, रोजच्या कामाची पातळं. एका नव्या सुनेला निरोप अर्धवट पोचला असावा, ती भरजरी जांभळ्यात आली होती. कोणी आईकडे बघून हसलं नाही, कोणी काही समजावलं नाही. आई दान घेणाऱ्यातली नव्हती, नवं पातळ कोणी हातात ठेवलं असतं तर तिने ते परत केलं असतं. हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

"बस गं आत येऊन," गयाआत्या मागे न बघता म्हणाल्या. "उशीर व्हतोय."

आई आत गेली. बायकांनी सरकून जागा केली.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. मी कॉलेज सोडलं नाही, टर्म मंजूर झाली, पुढचं सगळं शिक्षण त्या टर्मवर उभं राहिलं. त्या दिवशी मात्र मी किती महिन्यांनी मूर्तीकडे बघितलं. बुद्धाला शरण, धम्माला शरण म्हणून झालं, आणि संघाला शरण म्हणताना मी मूर्तीवरची नजर काढून त्या रंगीबेरंगी पातळांकडे बघितलं. त्या बायकांचे उपकार मी कधी फेडू शकले नाही, आणि फेडावेत असं त्यांच्यापैकी कुणाला वाटलंही नसेल. शरण जायचं म्हणजे मान खाली घालायची, असा तोवर माझा समज होता. माझ्या शेजारी आई खणखणीत आवाजात वंदना म्हणत होती, मान वर करून.